ग्रॅफाइटवरचा थेंब

अळवाच्या पानावरून पाणी घरंगळते, स्वच्छ काचेवर मात्र ते पसरते. घन पदार्थाची पृष्ठऊर्जा थेट मोजणे अवघड. म्हणून त्यावर थेंब ठेवून स्पर्शकोन मोजायचा आणि थॉमस यंगने १८०५ मध्ये मांडलेल्या संबंधाच्या आधारे ऊर्जेचा अंदाज बांधायचा, असा प्रघात आहे. कोन जितका लहान, तितकी पाण्याची त्या पृष्ठभागाशी ओढ अधिक.

शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटसाठी हा कोन फाउक्स आणि हार्किन्स यांनी १९४० मध्ये मोजला. ग्रॅफाइटची पट्टी पाण्यात तिरपी बुडवायची आणि तिचा कल बदलत जायचा. ज्या कलाला पाण्याची पातळी पट्टीला टेकेपर्यंत अगदी सपाट राहते, तो कल म्हणजेच स्पर्शकोन. पद्धत साधी, पण मोठी नेटकी! उत्तर आले सुमारे ८६ अंश. ग्रॅफाइट पाण्याला फारसे जवळ करत नाही, हे मग पुस्तकांत पक्के झाले. आम्हीही वर्गात तेच सांगत आलो.

खरे तर शंकेला जागा होती. माल्कम श्रेडर यांनी १९८० मध्ये अतिनिर्वातात तयार केलेल्या पृष्ठभागावर हाच कोन सुमारे ३५ अंश असल्याचे नोंदवले होते. पण अशी यंत्रणा कितीजणांपाशी असणार? आकडा बाजूला पडला.

२०१३ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातल्या हाइताओ लिऊ यांच्या गटाने चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा वरचा थर सोलला आणि काही सेकंदांतच थेंब ठेवला. कोन आला सुमारे ६४ अंश. तोच नमुना हवेत राहू दिल्यावर कोन नव्वदीच्या पुढे गेला. अवरक्त वर्णपटात हायड्रोकार्बनच्या खुणा दिसल्या. हवेतल्या तेलकट वाफांचा अतिशय पातळ थर त्यावर बसला होता. म्हणजे इतकी वर्षे आपण ग्रॅफाइट नव्हे, बव्हंशी त्यावरचा मळ मोजत होतो.

फरक किरकोळ नाही. पाण्याचा पृष्ठताण (२० अंश सेल्सिअसला दर चौरस मीटरला ७२.८ मिलिज्यूल) गुणिले १ अधिक कोनाची कोज्या, हे पाणी पृष्ठभागापासून सोडवायला लागणारे कार्य. ८६ अंशांना ते ७८ मिलिज्यूल येते, ६४ अंशांना १०५ आणि ३५ अंशांना १३२. अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे. जुन्या तक्त्यांत कोन सापडेल. नमुना सोलून किती वेळ झाला होता, ते बहुधा सापडणार नाही.