आयता घास

वारंगा फाट्यावर खिचडीसाठी थांबलेल्या प्रवाशास समुद्र आठवण्याचे कारण नाही. तो येथून शेकडो मैल दूर. परंतु दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवण्याची विद्या समुद्रावर किती जुनी आहे, हे फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या मंडळींस ऐकण्यासारखे आहे.

२९ सप्टेंबर १४९२ रोजी कोलंबसाच्या रोजनिशीत एका पक्ष्याची नोंद झाली. हा पक्षी बूबी नावाच्या पाखरांना गिळलेले ओकावयास लावतो आणि त्याखेरीज कशावरही जगत नाही, अशी ती नोंद. पुढे फ्रेंच खलाशांनी त्याला वेगवान लढाऊ जहाजाचे, फ्रिगेटचे, नाव दिले. पंखांचा पसारा सात फुटांपर्यंत. पण पिसे भिजतात, म्हणून बिचाऱ्याला पाण्यावर बसता येत नाही. मासा घेऊन परतणाऱ्या पाखराचा तो पिच्छा पुरवतो, शेपूट धरून हिसका देतो आणि पडता घास हवेतच झेलतो. पावसाळी वादळात वाट चुकून तो कधी कोकण किनाऱ्यावरही येतो. मात्र त्याचे बरेचसे पोट स्वतः पकडलेल्या मासळीवरच भरते, हे आता कळले आहे. लुटारू हे नाव तेवढे चिकटले!

स्कुआच्या जातभाईंची तर अधिकच बदनामी. त्यांनी टाकावयास लावलेला घास लोकांना विष्ठा वाटला, आणि लॅटिन नावात तीच कायमची बसली.

नावे ठेवणाऱ्यांचा भरवसा किती धरावा? कान्होजी आंग्रे हे मराठ्यांचे सरखेल. आपले दस्तक न घेता जाणारी जहाजे ते पकडीत. इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले. १७२९ साली कान्होजी वारले. पुढे त्यांचे पुत्र तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचे बिनसले, तेव्हा पेशव्यांनी त्याच इंग्रजांना मदतीस बोलावले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. जमिनीवरून पेशव्यांची फौज वेढा घालून होती. पण आत सापडलेली सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. वाटणीचा हा बेत त्यांनी मोहिमेपूर्वीच ठरवला होता!

फ्रिगेट पक्षी भुकेपुरता घास हिसकावतो. येथे मात्र किल्ला पुढे तहाने पेशव्यांकडे आला, तेव्हा तिजोरी रिकामी होती आणि बंदरातील आंग्र्यांचे आरमार जळून गेले होते. ते आरमार शेवटी मराठ्यांचेच होते.