नाव बनवणाऱ्याचं, चिकटलं राक्षसाला

आधी एक चूक कबूल करतो. मागच्या आठवड्यात एका बातमीत मी लिहिलं होतं, ‘यंत्रणेने उभा केलेला फ्रँकेन्स्टाईन आता यंत्रणेलाच गिळतोय.’ सकाळी सातला फोन. आमच्या काठीचाच, कॉलेजात शिकणारा पोरगा. विज्ञानकथांचं भारी वेड त्याला. म्हणाला, “भाऊ, फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला बनवणाऱ्याचं आहे. तुम्हाला भस्मासुर म्हणायचंय. तोच लिहा ना!”

पोरगा शंभर टक्के बरोबर. आणि ही चूक माझ्या एकट्याची नाही, जवळपास दोनशे वर्षं जुनी आहे.

मेरी शेलीने ही गोष्ट १८१६ साली जिनिव्हाजवळ लिहायला घेतली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १ जानेवारी १८१८ ला लंडनमध्ये पुस्तक आलं, पण त्यावर तिचं नावच नव्हतं. प्रस्तावना नवऱ्याने, कवी पर्सी शेलीने लिहिलेली. मग बऱ्याच लोकांनी पुस्तकही त्याचंच धरलं. म्हणजे नावाचा पहिला घोळ खुद्द लेखिकेच्याच वाट्याला आला.

कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हा विद्यार्थी एक जीव तयार करतो आणि त्याचं रूप बघून पळ काढतो. नाव ठेवणं तर दूरच. पुढे १८२३ मध्ये लंडनला नाटक आलं, तेव्हा जाहिरातीत त्या पात्राच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. १९३१ च्या हॉलिवूडपटात सुरुवातीच्या नामावलीत प्रश्नचिन्ह टाकलं होतं. पण रिकामी जागा लोकांना सहन होत नाही. ज्याने त्याला टाकून दिलं, त्याचंच नाव लोकांनी त्याला चिकटवलं. पुस्तकातला तो जीव वाचायला शिकतो, स्वतःची बाजू मांडतो. तरी त्याला कुणी विचारलं नाही, “बाबा, तुझं नाव काय?”

आपल्या मराठीतही नावाचा एक मजेदार किस्सा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली, झालं ना. वि. ज. आपल्या प्रसिद्धीकडे बघून निकाल लागू नये, एवढाच हेतू. पण ते नाव त्यांनी स्वतः निवडलं होतं आणि हवं तेव्हा उतरवलंही.

आमच्या काठीच्या आजींना ती मुभा नाही. त्या वळवी. एका कागदावर कुणीतरी एक काना जास्त टाकला आणि त्या झाल्या ‘वाळवी’. लाकूड खाते ती! आजी हसतात, पण नातीचा जातीचा दाखला त्याच एका कान्यापायी अडला होता. अक्कलकुव्याला तीन खेपा, मजुरी बुडाली ती वेगळीच. दर खेपेला पुरावा मागितला तो आजींकडे. चुकीचं टाईप करणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

त्या पोराचा फोन मला म्हणूनच मोलाचा वाटला. जो कधी जन्मलाच नाही त्याचं नाव चुकलं, तर तो सकाळी सातला फोन करतो. जिवंत माणसाच्या नावासाठी आपण एवढं करतो का?

पोराला मी हेच म्हटलं. तो लगेच म्हणाला, “भाऊ, रविवारी बसू या.” तर येत्या रविवारी काठीत आपापले सगळे कागद घेऊन या. रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला. अक्षर न् अक्षर जुळवून बघू, चूक सापडली तर अर्ज तिथेच लिहून देऊ.

बातमीतला फ्रँकेन्स्टाईन मी मागे घेतलाय. भस्मासुर लिहिलाय.

जोहार.