सेरोटोनिन, त्याचे ग्राही आणि थीटा लय : एका वादाचा इतिहास

मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात दर सेकंदास सुमारे ४ ते १२ आवर्तनांची जी विद्युत्-लय उंदीर, ससा इत्यादी प्राण्यांत आढळते, तिला थीटा लय असे म्हणतात. सेरोटोनिन हे द्रव्य या लयीस चालना देते की तिला आवर घालते, याविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ मतभेद होता. त्याची उकल कोणत्याही एका पक्षाच्या विजयाने झाली नाही. मूळ प्रश्नच नव्याने मांडावा लागला. या इतिहासाचे मर्म तेच होय.

लयीचा शोध आणि द्रव्याचा शोध हे प्रारंभी परस्परांपासून सर्वस्वी अलग होते. सशाच्या हिप्पोकॅम्पसमधील लयबद्ध स्पंदने यूंग व कोर्नम्यूलर यांनी १९३८ साली नोंदविली. ग्रीन व आर्डुइनी यांनी १९५४ मध्ये त्यांचा संबंध प्राण्याच्या सावध अवस्थेशी जोडला. इकडे रॅपोर्ट, आर्डा ग्रीन व पेज यांनी १९४८ साली क्लीव्हलंड येथे रक्तजलातून सेरोटोनिन वेगळे केले, आणि १९५३ मध्ये ट्वॉरॉग व पेज यांना ते मेंदूतही आढळले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ज्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला, तिच्यातील रिसर्पीनमुळे शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिते होतात, हे प्लेट्शर, शोर व ब्रोडी यांनी १९५५ मध्ये दाखविले. पुढे १९६४ साली डालस्ट्रोम व फुक्से यांनी सेरोटोनिनयुक्त पेशी मुख्यतः मस्तिष्कस्तंभातील राफे केंद्रांत असल्याचे सिद्ध केले. तेथून दोन्ही प्रवाह एकत्र आले.

वादाचे बीज १९७५ सालच्या एका वर्गीकरणात होते. क्रेमिस, व्हँडरवुल्फ व ब्लँड यांनी थीटाचे दोन प्रकार मानले : एक ॲट्रोपीनने लोपणारा, दुसरा चालताफिरताना दिसणारा व ॲट्रोपीनला न जुमानणारा. हा दुसरा प्रकार सेरोटोनिनवर अवलंबून आहे, असे व्हँडरवुल्फ यांनी १९८६ मध्ये प्रतिपादिले. तथापि असाफ व मिलर यांना १९७८ सालीच उलट अनुभव आला होता : राफे केंद्रास विद्युत्-उद्दीपन देताच थीटा मोडत असे. आणखी एका वर्षाने मारू व त्यांच्या सहकाऱ्यांना, मध्य राफे केंद्र नष्ट केल्यास थीटा अखंड चालू राहते, असे दिसून आले.

या कोंडीतून वाट निघाली ती ग्राहींच्या अभ्यासाने. सेरोटोनिनचे ग्राही एकाहून अधिक आहेत, हे गॅडम व पिकारेली यांनी १९५७ मध्ये आतड्यावरील प्रयोगांतून ओळखले होते. १९८६ साली आंद्राडे, मलेंका व निकोल यांनी हिप्पोकॅम्पसमधील पेशी सेरोटोनिनमुळे पोटॅशियमच्या वाटा उघडून कशा शांत होतात, हे दाखविले. ही क्रिया १-अ ग्राहीची होय. परंतु हाच ग्राही राफे पेशींच्या स्वतःच्या अंगावरही असतो आणि तेथे तो त्यांचे कार्य थोपवितो. म्हणूनच व्हर्टेस व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मध्य राफे केंद्रात १-अ ग्राहीस उद्दीपित करणारे द्रव्य सोडले, तेव्हा थीटा प्रकट झाली. शिवाय राफेचे तंतू हिप्पोकॅम्पसमधील निरोधक पेशींवर विशेषत्वाने येऊन पोहोचतात, हे फ्रॉइंड व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दर्शविले. त्यांपैकी काही पेशींना तिसऱ्या वर्गाचा ग्राही उत्तेजित करतो. वर्गा व इतर संशोधकांनी २००९ मध्ये तर असे दाखविले की, राफेच्या या जलद संदेशात ग्लुटामेटचाही वाटा असतो. सारांश, राफेला इजा करणे म्हणजे केवळ सेरोटोनिन काढून घेणे नव्हे.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. चिंताविकारावर दिले जाणारे बुस्पिरोन १-अ ग्राहीवरच कार्य करते, आणि उंदरांत थीटाची वारंवारता कमी करते. अशा औषधाचा अर्थ लावताना ‘सेरोटोनिन वाढले की घटले’ एवढे विचारून भागत नाही. कोणता ग्राही, कोणत्या पेशीवर आणि प्राण्याच्या कोणत्या अवस्थेत, हे तिन्ही विचारावे लागते. दोन्ही पक्षांच्या नोंदी आपापल्या जागी टिकून राहिल्या; टिकले नाही ते एका द्रव्यास एकच कार्य असते हे गृहीत.