तेंदूचे पान कोणाचे?

आमच्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण जिथे धान होत नाही तिथे काय होते, हे बाहेरगावच्या आप्तांना सहसा ठाऊक नसते. आमच्याकडचे जुने शेतकरी जमिनीची प्रतवारी कन्हार, मोरांड, खरडी, सिहार आणि बरडी अशी लावत. बरडी म्हणजे मुरमाड, दगडगोट्यांची, अगदी हलकी जमीन. तिथे कोणी न लावता, पाणी न घालता उभे राहते ते तेंदूचे झुडूप.

खरे तर तेंदू हा वृक्ष. वाढू दिला तर उंच होतो, गाभ्याचे लाकूड काळेकुट्ट निघते. त्यावरूनच त्याच्या शास्त्रीय नावात 'मेलॅनोझायलॉन', म्हणजे काळे लाकूड, हा शब्द आला. पण बरडीवर गुरे, कुऱ्हाड आणि वणवा यांच्या तडाख्यात तो कंबरेइतका झुडूप होऊनच राहतो. मूळ मात्र खोल गेलेले असते, आणि आडव्या मुळांतूनही नवे फुटवे निघतात. वरून कापा, जाळा, तो पुन्हा फुटतो. गंमत अशी की विडीला हवे असलेले मोठे, मऊ पान या फुटव्यांवरच मिळते.

विडी आधी गुजरातेत आपट्याच्या पानात वळली जात असे. आपण दसऱ्याला सोने म्हणून वाटतो तेच पान. १८९९ च्या भीषण दुष्काळात गुजरातेतून अनेक कुटुंबे मध्य प्रांतात आली. जबलपूरच्या बाजूला त्यांना तेंदूचे पान गवसले आणि विडीचा धंदा उभा राहिला. आमच्याकडे जंगल होते, रेल्वे होती आणि शेतीचे काम संपल्यावर रिकामे राहणारे हातही होते. गोंदिया विडीचे मोठे केंद्र झाले. १९९९ पर्यंत गोंदिया आमच्याच जिल्ह्यात होते.

आता माझा मुद्दा. झुडूप तेच, जमीन तीच, पण पानाचा मालक मात्र बदलत गेला. मालगुजारीच्या काळात गावचे जंगल मालगुजाराचे, म्हणून पानही त्याचे. कंत्राटदार त्याच्याशी व्यवहार करी. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथे १९५० चा कायदा झाला, १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि ही जंगले सरकारकडे आली. पुढे आपण महाराष्ट्रात आलो. १९६९ च्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने तेंदूपानाची खरेदी सरकार किंवा त्याने नेमलेला अभिकर्ता यांच्याच हाती गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र तेंदूपान स्पष्टपणे गौण वनोपजात धरले आणि ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क जंगलावर जगणाऱ्या लोकांना दिला.

या साऱ्यात न बदललेले एकच माणूस, पान तोडणारे. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात पहाटे अंधारात सारे घर जंगलात जाते. अस्वलाची, वाघाची भीती असतेच. दुपारी घरी बसून सत्तर पानांचे एक पुडके बांधायचे. अशी हजार पुडकी झाली की एक प्रमाण गोणी होते, म्हणजे सत्तर हजार पाने! माझे कितीतरी विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला नव्हे, तेंदूला जात. जूनमधल्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातूनच निघत. म्हणून 'विडी वाईट, ती बंद करा' असे मला सहज म्हणवत नाही, जरी ती वाईट आहे हे वादातीत आहे.

दुसरीही बाजू आहे. पालवी चांगली फुटावी म्हणून दरवर्षी जंगलाला आगी लावल्या जातात. त्यात तेंदू तगतो, पण बाकीची कोवळी रोपे, पक्ष्यांची अंडी, सरपटणारे जीव तगत नाहीत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदूपान तोडायचेच नाही असे ठरवले. झाड छाटायला नको, आग नको. टेंभरे पिकू देत, पाखरांनी आणि पोरांनी खावीत. उत्पन्नासाठी त्यांनी बांबूवर भर दिला. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांनी उलट मार्ग धरला, स्वतःच लिलाव करून पान विकले. दोन्ही निर्णय मला सारखेच मोलाचे वाटतात, कारण दोन्ही गावाने घेतले.

मालगुजाराला पान हवे होते, सरकारला महसूल, कंत्राटदाराला नफा. झाडाला फळ धरू द्यावे की नाही, हे विचारण्याची मुभा शंभर वर्षांत पहिल्यांदाच तोडणाऱ्याला मिळाली आहे. बरडीवर बांबू नसेल तर पाचगावचा मार्ग सोपा नाही, हे मी जाणतो. पण आमच्या साकोली, लाखनी, पवनीकडच्या गावांनी हा प्रश्न एकदा ग्रामसभेत मांडावा, एवढे मात्र वाटते.