हेल्गा आणि झोहार
अंतराळवीरांना पोचणारे प्रारण मोजण्यासाठी आर्टेमिस-१ मोहिमेत (१६ नोव्हेंबर–११ डिसेंबर २०२२) ओरायन यानातून चंद्राभोवती पाठविलेली दोन कृत्रिम स्त्री-धडे. जर्मनीची डीएलआर ही संस्था प्रयोगाची सूत्रधार होती. अंगावरचा मात्रामापक शरीराच्या पृष्ठभागावरची मात्रा सांगतो. अस्थिमज्जा, फुप्फुसे, अंडाशय यांना किती पोचली हे त्यावरून नेमके कळत नाही. म्हणून हाडे व मऊ ऊतींच्या घनतेशी जुळणाऱ्या प्लॅस्टिकच्या ३८ चकत्या रचून प्रत्येक धड उभारले आणि आत लिथियम फ्ल्युओराइडचे इवलेसे स्फटिक बसविले. स्फटिक प्रारणाची ऊर्जा साठवतो, तापविल्यावर प्रकाशरूपाने सोडतो. तो प्रकाश मोजून मात्रा काढतात. झोहारला संरक्षक जाकीट होते, हेल्गाला नव्हते. स्त्रीदेहाची निवड मोलाची, कारण स्तनांच्या ऊती प्रारणास विशेष संवेदनशील असतात.