गोन्सालो गार्सिया : एका वसईकर धर्मशिक्षकाची आठ वर्षे

आठवडाभर शाळेत शिकवावे आणि रविवारी चर्चमध्ये मुलांकडून प्रार्थना पाठ करून घ्याव्या, असा शिक्षक सोपारे-तुळिंजपासून वसईच्या कोटापर्यंतच्या गावांना नवा नाही. तो याजक नसतो. त्याच्या सेवेची नोंदही क्वचितच कोणी ठेवतो. या वर्गातील ज्याचे चरित्र कागदोपत्री बऱ्यापैकी सापडते असा एक जुना वसईकर म्हणजे गोन्सालो गार्सिया होय. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी त्यास संतपद दिले, आणि तेव्हापासून त्याचे हौतात्म्यच तेवढे लोकांच्या डोळ्यांसमोर राहिले. त्याच्या मरणापेक्षा त्याच्या शिक्षकी पेशाकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गोन्सालोचा जन्म 1556 किंवा 1557 च्या सुमारास वसईस झाला. गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख 1534 च्या डिसेंबरात पोर्तुगीजांना देऊन टाकला, त्यास तेव्हा जेमतेम वीस-बावीस वर्षे लोटली होती. त्याचा बाप पोर्तुगीज सैनिक व आई याच मुलखातील, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मातापित्यांपैकी दोघेही पोर्तुगीज होते असे म्हणणारा पक्षही आहे. हा वाद वरवर पाहता वंशावळीचा दिसतो. परंतु पुढील हकीकतीचे मर्म त्यातच आहे.

कोटातील जेझुइटांच्या शाळेत तो शिकला व सुमारे पंधराव्या वर्षी, 1572 मध्ये, त्या पाद्र्यांबरोबर जपानला गेला. तेथील भाषा त्याने लवकर आत्मसात केली. यात नवल नाही. ज्याच्या घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी, अशा मुलास चौथी भाषा जड जात नाही. युरोपातून आलेल्या पाद्र्यांना जपानी भाषेने फार छळले, आणि तेथील मिशनचे बरेचसे काम देशी साहाय्यकांच्या जिभेवर चालले, हे त्या काळच्या पत्रव्यवहारावरून स्पष्ट दिसते. या साहाय्यकांना 'दोजुकु' म्हणत. मुलांना गोळा करणे, प्रार्थना शिकविणे, पाद्र्याच्या प्रवचनाचा अर्थ लोकांना सांगणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे, ही त्यांची कामे होती. गोन्सालोने अशाच स्वरूपाचे काम आठ वर्षे केले.

या आठ वर्षांच्या अखेरीस त्याने जेझुइट संघात प्रवेश मागितला. तो लांबणीवर पडत गेला, आणि शेवटी गोन्सालो निघून गेला. नकाराचे कारण काय असावे? 1579 मध्ये संघाचे निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो जपानला पोचले. हिंदुस्थानी व मिश्रवंशीय उमेदवारांस संघात घेऊ नये, असे त्यांचे ठाम मत होते. जपानी उमेदवारांस मात्र घेण्यास ते अनुकूल होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या लेखणीतून उतरल्या आहेत. गोन्सालोच्या अर्जाचा काळ आणि हे धोरण यांचा मेळ इतका चांगला बसतो की, त्याच्या जन्माने त्याची वाट अडविली हा तर्क टाळता येत नाही. तर्कच तो, परंतु ज्या माणसाची जीभ आठ वर्षे चालली त्याचा झगा मात्र चालला नाही, एवढे खरे.

पुढे त्याने व्यापार केला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. तरी त्याचे मन त्यात रमले नाही. मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात शिरला, तोही याजक म्हणून नव्हे, बंधू म्हणून. 1593 मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कनास जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील म्हणून धाडले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालोची निवड झाली. जेझुइटांकडे शिक्षकी करताना मिळविलेली भाषा अशी फ्रान्सिस्कनांच्या कामी आली. 1585 च्या पोपच्या आज्ञापत्राने जपान हे क्षेत्र जेझुइटांसाठी राखून ठेवले होते. त्यामुळे दोन संघांत तेढ होतीच. क्योतो येथे फ्रान्सिस्कनांनी महारोग्यांसाठी रुग्णालय चालविले, त्या मंडळींत गोन्सालो होता.

1596 च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील मालाच्या जप्तीतून संशय वाढला आणि डिसेंबरात धरपकड झाली. डाव्या कानाची पाळी कापून कैद्यांना भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी सव्वीस जणांस क्रुसावर मारले : सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट व सतरा जपानी गृहस्थ. या सतरांत कित्येक धर्मशिक्षक व चर्चचे सेवेकरी होते. काही तर बारा-चौदा वर्षांची मुले होती. हौतात्म्याच्या चित्रांत नजर प्रथम संघाच्या झग्यांकडे जाते. संख्या मात्र गृहस्थांची अधिक आहे.

1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. पडझड झालेल्या कोटातील जेझुइटांचे जुने चर्च पुढे दुरुस्त करण्यात आले, आणि आज ते गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखले जाते. ज्या संघाने त्यास आत घेतले नाही, त्याच संघाच्या वास्तूवर त्याचे नाव आहे.