आवाजातले भूत

१९४३ मध्ये बीबीसीने ‘अपॉइंटमेंट विथ फिअर’ ही भयनाट्यांची मालिका सुरू केली. दार करकरले, की ऐकणाराच मनात भूत उभे करी. १९९३ मध्ये रामसे बंधूंच्या ‘झी हॉरर शो’ने त्याला घरोघरी चेहरा दिला, २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ने ते कोकणातल्या वाड्यात आणले. हिंगोलीकडे आमच्या घरी जिनांच्या गोष्टी, शेजारी मुंजाच्या. भीती मात्र एकच. पण मराठवाड्यात भानामतीचा संशय एखाद्या एकट्या बाईच्या दारी जाऊन बसतो, तिचे जगणे नासवतो. म्हणून २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला भयकथेच्या विरोधातला वाटत नाही. कथेतले भूत रेडिओ बंद केला की जाते. संशयाचे भूत आपणच उतरवायला हवे.